तुळशीखालची टाकी

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर आत्ताच लावा. मी सांडपाण्याची टाकी आहे, म्हातारी झाले आहे, आणि मला गोष्ट गोड करून सांगता येत नाही. माझ्यावरून चालताना लोक पावलं उचलून टाकतात. मी मात्र कुणाला नाक मुरडलं नाही. घरातल्यांनी जे टाकलं ते मी मुकाट्यानं पोटात घेतलं. तरीही आज मी रागावले आहे. तो राग कुणावर, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

मोताळ्याहून मलकापूरच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव लागतं. इंग्रजांच्या काळात तिथं कापसातली सरकी वेगळी करणारा जिन होता. जिनच्या मॅनेजरसाहेबांना लोटा घेऊन शेताकडं जाणं पटेना, म्हणून त्यांनी आपल्या बंगल्यात साखळी ओढायचा संडास करवून घेतला. त्या संडासासाठी तुळशीराम गवंड्यानं परसात खोल खणून मला बांधलं. भाजलेल्या विटा, चांगला चुना, वर दगडी झाकण. माझ्या पोटात मधोमध एक भिंत आहे. जड घाण अलीकडच्या खणात तळाशी बसते, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं पाणी भिंतीपलीकडं जाऊन शेजारच्या शोषखड्ड्यात उतरतं. खड्ड्यात दगडगोटे आणि वाळू. त्यातून झिरपत ते जमिनीत मुरतं. माझं काम एवढंच. त्या बदल्यात मला काय हवं? काही वर्षांनी एकदा पोट उपसायचं, आणि खड्ड्यातले गोटे काढून, धुऊन परत भरायचे.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून साखळी ओढायला यायची. पाणी धो धो गेलं की "गेलं कुठी बे?" म्हणून जमिनीकडं बघायची. मला तेव्हा गंमत वाटे. आता वाटतं, तोच प्रश्न लोक विचारत राहिले असते तर बरं झालं असतं.

जिन बंद पडला. साहेब गेले. बंगला नारायणरावांनी घेतला. नारायणराव म्हणजे कापसाचे आडते, गावात शब्दाला वजन. त्यांनी बंगल्याला रंग दिला, खिडक्यांना जाळ्या लावल्या, पण माझं झाकण एकदाही उघडलं नाही. आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे. ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. माझ्यातला गाळ शोषखड्ड्यात जाऊ लागला, खड्डा बुजला, आणि परसात काळं पाणी वर आलं. तेव्हा नारायणरावांनी खड्डा साफ केला नाही. त्यांनी माझ्या कडेला भोक पाडलं, मातीचा पाइप जोडला, आणि तो मागच्या नाल्याच्या काठात, निवडुंगाच्या जाळीत नेऊन सोडला. नाला उताराचा. उताराला बौद्धांची वस्ती, आणि नाल्याला लागून त्या वस्तीची एकुलती एक विहीर. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांना ते दिसून काही वाटत नव्हतं.

पुढं त्यांनी रस्त्यापलीकडंच नवं दुमजली घर बांधलं. त्या घराच्या न्हाणीचा आणि संडासाचा पाइपही रस्त्याखालून आणून माझ्यातच घुसवला. मग जुना बंगला विकायला काढला, आणि कुणी झाकण उघडू नये म्हणून माझ्या डोक्यावर तुळशीवृंदावन बांधलं. माझ्या छातीवर तुळस! सकाळी हळदकुंकू वर, आणि खाली मी, गळत असलेली. तुळशीचा मला राग नाही. ती बिचारी काय करणार? पण देवाच्या आड पाप लपवणाऱ्याचा राग कुठं ठेवायचा, सांगा.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनचार वर्षं झाली असतील. मोंबासाहून महादेवराव आणि त्यांची सून अन्नपूर्णाबाई घर घ्यायला आले. महादेवराव याच तालुक्यातले. तरुणपणी आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर गेले ते तिथंच म्हातारे झाले. आता डोळे मिटायचे तर आपल्या मातीत, शेगावच्या वाटेवर, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मुलगा नोकरी संपवून मागून येणार होता. अन्नपूर्णाबाईंचा जन्मच मोंबासाचा. त्यांच्या दृष्टीनं हा परदेश. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी, त्यामुळं बायका पदराआड हसत.

घर दाखवताना नारायणराव कौतुक करत होते. अन्नपूर्णाबाई परसात थांबल्या आणि म्हणाल्या, "इथलं सांडपाणी कुठे जातं?"

नारायणराव हसले. "जमीन पिऊन घेते ना, बाई. खेड्यात असं कोनी इचारत नाही."

"टाकी कुठे आहे? उघडून दाखवा."

"महादेवराव, सूनबाईले समजावा," नारायणराव त्यांच्याकडं वळून म्हणाले. "घर घ्यायले आल्या का मोरी पाह्यले?"

महादेवराव ओशाळले. "राहू दे, सूनबाई. भला माणूस आहे." त्यांनी वृंदावनापुढं हात जोडले. माझ्या डोक्यावर उभं राहून जोडले, मित्रांनो. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

घर घेतलं गेलं. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, एक बाई परसाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. वस्तीतली कलाबाई. शेतात निंदायला जाणारी, वाळकी, पण आवाज खणखणीत.

"नवी मालकीन तुमीच का?"

"हो. या, आत या."

"आत नाही येत. माही सिंधू गेल्या उन्हाळ्यात मुदतीच्या तापानं गेली. लग्न ठरलं होतं तिचं. वस्तीत अजून लेकरं आजारी हायेत. डाक्तर म्हने पानी खराब हाये. आमच्या हिरीत तुमच्या घराची घाण उतरते. मी नारायणरावाले चारदा सांगितलं. ते म्हनत, सपन पाह्यलं का? आता तुमाले सांगून राह्यले."

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा लाल झाला. "मी आत्ताच आले आहे. माझ्यावर कशाला..." त्या बोलता बोलता थांबल्या. एक मुलगी मेली आहे हे ऐकून आपण स्वतःची बाजू मांडायला निघालो, याची त्यांनाच चीड आली असावी. चपला घालून त्या कलाबाईच्या मागून निघाल्या.

पुढचं मी पाहिलं नाही, पण माझ्या डोक्यावर उभं राहून ते इतक्यांदा बोललं गेलं की मला पाठ आहे. अन्नपूर्णाबाईंनी नाला पाहिला, विहीर पाहिली. विहिरीच्या नाल्याकडच्या भिंतीतून ओल उतरत होती. घरी येऊन त्यांनी कपड्यांची नीळ होती नव्हती तेवढी बादलीत कालवली आणि संडासात ओतून साखळी ओढली. कलाबाई खाली नाल्यात बसून होती. ऊन उतरायच्या आत निवडुंगाच्या जाळीतून निळं पाणी आलं, विहिरीच्या कडेला साचलं, आणि मग विहिरीच्या आतल्या दगडांवरूनही निळे ओघळ सुटले.  कलाबाई नाल्यातला दगड उचलून त्या पाइपाच्या तोंडावर मारत राहिली.

अन्नपूर्णाबाईंनी नारायणरावांना बोलावणं धाडलं. ते आले, खुर्चीत बसले, पान जमवलं.

"घर तुमी पाहून घेतलं. आता माह्या माथी काय मारता?"

"तुम्हाला माहीत होतं."

"असंन. मंग? खालच्या लोकायसाठी एवढं काऊन मनाले लावून घेता? तुमाले इथं दिवस काढाचे आहेत. आमच्यात ऱ्हाऊन असं जमत नाही."

ते गेल्यावर महादेवराव हळूच म्हणाले, "सूनबाई, गावाशी वैर नको. आपून नवे."

"मामंजी, आपण नवे आहोत म्हणून आपली घाण लोकांनी प्यायची?" त्यांचा आवाज चढला. सासऱ्यापुढं त्या पहिल्यांदाच अशा बोलल्या. "तुम्ही मला सांगत होतात, आपला देश, आपली माणसं. ती कलाबाई कोणाचं माणूस आहे?"



दुसऱ्याच दिवशी अन्नपूर्णाबाई पदर खोचून नाल्यात उतरल्या. पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबलं आणि वरून सिमेंट थापलं. घरातल्या संडासाला कुलूप लावलं. सासरे आणि सून शेताकडं जाऊ लागले, न्हाणीचं पाणी बादलीनं केळीला टाकू लागले. माझ्यात या घराचा एक थेंब येत नव्हता. तरी मी भरत होते. भरत होते, मित्रांनो, कारण दुसरा पाइप चालूच होता. किती वर्षांनी माझ्या मनासारखं काही घडत होतं! मी गच्च भरले. पुढं जायला वाट नाही म्हटल्यावर पाणी आलं त्या वाटेनं मागं फिरलं.

नारायणरावांकडं त्या दिवशी शेगावचं दर्शन करून व्याही उतरले होते. जेवणं चालली होती. न्हाणीच्या मोरीतून काळं पाणी वर आलं, ओसरीत आलं, पाटांखाली शिरलं. व्याही ताटावरून उठले. नारायणराव तसेच अनवाणी धावत आमच्या परसात आले. मागून अर्धं गाव.

"काय करून ठेवलं, बाई? घरभर घाण झाली!"

"कोणाची?" अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. तो शांतपणा ओरडण्याहून भारी होता. "माझ्या संडासाला कुलूप आहे. ही पाहा किल्ली. मग घाण कोणाची?"

"मले काय ठाऊक? तुमची टाकी कुठी आहे ते तुमी पाहा."

"तुळशीखाली आहे. नाल्यातला पाइप सरळ तिकडेच येतो."

गर्दी कुजबुजली. कुणी म्हणालं, तुळशीले हात लावू नका. कुणी म्हणालं, बाहेरच्या बाईले काय रीत ठाऊक? नारायणरावांना धीर आला. "तुळस हालवता? अन् तेही घाण पाह्यले? पाप लागन!"

तेव्हा महादेवराव पुढं आले.  "तुळशीले मी उचलतो. पाप लागलं तं मले लागन. तुमी तिले कुठी बसवलं, त्याचं पाप कोनाले लागलं?" त्यांनी मुळांसकट मातीचा गड्डा उचलला, धोतराच्या सोग्यात घेतला, आणि फाटकाजवळ चांगल्या जागी नेऊन ठेवला. मग पहार मागवली. वृंदावन फुटलं. माझं झाकण सरकलं.

किती वर्षांनी ऊन आत आलं! आणि गावानं पाहिलं. दोन पाइप. एक बंगल्याकडचा, उंचावरचा, कोरडा. दुसरा रस्त्यापलीकडच्या दुमजली घराकडचा, खालचा, घाणीनं तुंबलेला.

 नारायणराव सवयीनं म्हणाले, "जाऊ द्या. खालच्या लोकायले बोलवा, उपसून टाकतीन. त्यायचंच काम."

कलाबाई फाटकाशी होती. ती आत आली. "तुमची घाण आमी पेली. आता उपसू बी आमीच? ते दिवस गेले, नारायणराव. तुमचं हाये, तुमी काढा."

तिच्यामागं वस्तीतली माणसं उभी होती, आणि त्यांच्यातलं कुणीही पुढं झालं नाही. गावातलंही कुणी झालं नाही. व्याही तर परस्पर मोटार धरून गेले होते. शेवटी नारायणरावांनी आपल्या मळ्यातलं विहिरीचं इंजिन आणलं, धोतर वर खोचलं, आणि नळी स्वतः धरली. नाकाला पंचा बांधून, ओकाऱ्या काढत, त्यांनी मला रिकामं केलं. घाण त्यांच्याच शेतात खणलेल्या खड्ड्यांत गेली. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

आपल्या नव्या घरासाठी त्यांना आपल्याच जागेत टाकी आणि शोषखड्डा बांधावा लागला. अन्नपूर्णाबाईंनी माझी भोकं बुजवली, माझा खड्डा मोकळा करून नवे गोटे आणि वाळू भरली, आणि झाकणाला लोखंडी कडी लावली, कुणालाही ते उघडता यावं म्हणून.

वस्तीची विहीर उपसली, गाळ काढला, औषध टाकलं. नवं पाणी वर आलं त्या दिवशी कलाबाईनं नारायणरावांना विहिरीवर बोलावलं. सगळ्या गावासमोर तिनं लोटा भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"प्या."

नारायणरावांनी लोट्याकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं. "आज माहा उपास आहे," ते म्हणाले.

"पान्याले उपास नसते."

त्यांनी हात पुढं केला नाही.  मग कलाबाईनं तो लोटा स्वतःच्या तोंडाला लावला आणि त्यांच्याकडं बघत घोट घोट संपवला. "माही सिंधू काई येत नाही आता," ती म्हणाली. "पन याच्यापुढं वस्तीतलं एक लेकरू बी आजारी पडलं, तं मी पयले तुमच्या दारात येईन. रडत नाही येनार."

अन्नपूर्णाबाईंनी हे घरी येऊन महादेवरावांना सांगितलं. 

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, घर घ्याल, आपल्या गावात नाहीतर परमुलखात. खिडक्या पाहाल, रंग पाहाल, वारा कुठून येतो ते पाहाल. अवश्य पाहा. पण त्याआधी परसात जा आणि विचारा, इथलं सांडपाणी कुठं जातं? उत्तर देणारा हसला, तर झाकण उघडायला लावा. ते उघडत नसेल, तर उताराच्या दिशेनं चालत जा आणि तिथं कोण राहतं ते बघा. मला साफ ठेवा असं मी हात जोडून म्हणणार नाही. माझी दया नाही आली तरी चालेल. खाली जी माणसं पाणी भरतात, त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईल, एवढं मात्र करा.