माइनुम्बीला कुलूप

"आजपासून या देशात दुसऱ्याची पत्रं चोरून वाचण्याचा धंदा कायमचा बंद," असं विल्फ्रिदोने जाहीर केलं आणि माइनुम्बीतून निघालेलं पहिलंवहिलं कुलूपबंद पत्र समोर बसलेल्या निदियाला पाठवलं.

निदिया बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"उघडत नाही."

"पासवर्ड टाक ना."

"विसरले. कुणाच्या बापाला सुचणार नाही असा ठेव म्हणालास. ठेवला."

माइनुम्बी हा आमचा ईमेलचा प्रोग्राम. फुकट, आणि त्याचं आतलं सगळं लिखाण जगाला वाचायला खुलं. जगाला वेळ नव्हता, हा भाग वेगळा. विल्फ्रिदो तो लिहायचा, निदिया त्यातल्या चुका काढायची आणि मी, वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला माणूस, पडद्यावरची वाक्यं ग्वारानी या आमच्या भाषेत आणायचो. शनिवारी राजधानीत, असुन्सिओनला, निदियाच्या अंगणात, आंब्याखाली, आमची बैठक असे. तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाचा, एकच पेला आणि एकच नळी सगळ्यांत फिरायची.

हे कुलूप खरं तर एका माणसासाठी बनवलं होतं. देर्लिस काबान्यास. तिकडे देशाच्या आतल्या भागात, सोयाबीनच्या एका कंपनीत, फवारणीच्या विमानात औषध भरायचा. विमान वस्तीवरून जाताना पायलट फवारा बंद करत नाही, आणि वस्तीतल्या विहिरीचं पाणी पिऊन पोरं आजारी पडतात, हे त्याला ठाऊक होतं. असुन्सिओनमधल्या एका वकीलबाईंना ते कळवायचं होतं. पण तिथे इंटरनेट कंपनीचं, ईमेलही कंपनीचा. दुसरा कुठलाही पत्ता उघडूच देत नसत.

"म्हणजे पत्र मालकाविरुद्ध, आणि पोस्टमन मालकच?" त्याने याच अंगणात विचारलं होतं.

"म्हणून तर कुलूप," विल्फ्रिदो म्हणाला. "त्याला नुसतं पाकीट दिसेल. मग बसू दे चाटत. आणि वर नाव बाईंच्या भाचीचं. त्याला वाटेल, पोरगं प्रेमात पडलंय."

"आईला हे सांगू नका. लगेच सून शोधायला निघेल," देर्लिस म्हणाला.

तो गेला आणि लिहू लागला. एका बोटाने टाइप करायचा, शब्द शब्द तोलून. घाईत एखादा आरोप खोटा पडायला नको, असं त्याचं म्हणणं. एका पत्राला त्याची सगळी संध्याकाळ जायची.

महिन्याभराने त्याचं आम्हालाही एक पत्र आलं. निदियाने ते पेला हातात धरून मोठ्याने वाचलं. "तुमचं काम एकदम झकास. काल अर्ध्या पत्रावर वीज गेली. म्हटलं, गेली संध्याकाळ पाण्यात. सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सहज बघितलं, तर पत्र तिथे जसंच्या तसं, ज्या शब्दावर थांबलो होतो तिथपर्यंत. देव तुमचं भलं करो."

आम्हाला धन्य वाटलं. विल्फ्रिदोने ते कौतुक, नाव गाळून, प्रोग्रामच्या पानावर सगळ्यात वर लावलं. मी त्याचं ग्वारानी केलं. चांगलं जमलं होतं.

पुढच्याच आठवड्यात देर्लिस मोटारसायकलसकट नाल्यात सापडला. पोलिसांनी अपघात म्हटलं. रस्ता सरळ होता आणि नाला रस्त्यापासून बराच लांब, पण पोलिसांना कुठेकुठे बघता येणार?

त्या शनिवारी निदियाने पानावरचं ते कौतुक पुन्हा वाचलं. या वेळी मनातल्या मनात.

"विल्फ्रिदो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते पत्र आलं कुठून?"

विल्फ्रिदोने माइनुम्बीचं आतलं लिखाण उघडलं. त्याला कळलं होतं. आमचं कुलूप पत्र पाठवताना लागायचं. तोवर लिहीत असलेलं कच्चं पत्र हरवू नये म्हणून माइनुम्बी दर मिनिटाला त्याची एक प्रत मालकाच्या सर्व्हरवर ठेवायचा. उघडी. देर्लिस जितका जपून लिहायचा, तितक्या प्रती.

पेला विल्फ्रिदोकडे आला. "धन्यवाद," म्हणून त्याने तो परत केला. आमच्याकडे तेरेरेला धन्यवाद म्हणणं म्हणजे आता मला नको.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. नव्या आवृत्तीच्या टिपणात ती कशी लिहायची यावर मात्र दुपारभर वाद झाला. शेवटी "किरकोळ सुधारणा" या मथळ्याखाली गेली, कारण दुसरा मथळा "नवीन सोयी" होता.

त्यानंतर देर्लिसची आई, न्या फेर्मिना, म्हणजे फेर्मिनाबाई, बसने आली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला त्याचा लॅपटॉप मांडीवर घेऊन आंब्याखाली बसली. आम्ही तिघंही तिच्या समोर उभे राहिलो.

"न्या फेर्मिना," विल्फ्रिदो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय. ते कुलूप मी केलं होतं. त्यात एक भोक राहिलं. त्यातून त्यांनी वाचलं. चूक माझी आहे."

तिने ऐकून घेतलं. अभ्र्यातून लॅपटॉप काढला, उघडला. पडद्यावर देर्लिस विमानाला टेकून हसत होता.

"हा मी बंद करत नाही. बंद केला की तो दिसत नाही," ती म्हणाली. "पण कंपनीकडून रोज पहाटे याला पत्र येतं. फवारणी किती वाजता, वारा कुठला. अजून येतं. आलं की घंटी वाजते, आणि मी चहा टाकायला उठते."

विल्फ्रिदो लॅपटॉपजवळ खाली बसला.

"तेवढी घंटी जरा हळू करून दे, बाळा," ती म्हणाली. "पूर्ण बंद नको."