उभा चार

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते, आणखी आठ काढायचे होते. त्यांना आंघोळ मी घालायची, ड्रॉप्स मी टाकायचे, घास मी भरवायचा. दहाच्या ठोक्याला वरच्या मजल्यावरून माझी धाकटी जाऊ यायची, पेपरातलं शब्दकोडं वाचून दाखवायची आणि पंधरा मिनिटांत संपवून लायब्ररीत कामाला जायची. ती पंधरा मिनिटं आई खळखळून हसायच्या. राबणं माझ्या वाट्याला, हसू तिच्या. देवापुढे हात जोडले तरी डोक्यात तेच.

त्या दिवशी नऊलाच मी शिलाई मशीन बंद केलं, पेपर घेतला आणि त्यांच्या पलंगावर बसले.

"आई, आज कोडं मी वाचते."

"तू? जमेल तुला?"

विचारलं साधंच, पण मिरची लागावी तसं झोंबलं.

"न जमायला काय झालं?"

सुरुवात बरी झाली. घोडेस्वाराच्या हातातला, तीन अक्षरी. मीच म्हटलं, लगाम. आई म्हणाल्या, "वा गं!" माझी मान दोन बोटं वर गेली. पुढे मात्र गाडं रुतलं. उभा चार : भिश्त्याच्या पाठीवरचं पाण्याचं साधन, तीन अक्षरी. मला येईना, त्यांनाही आठवेना. उभा सात येईना, आडवा तेरा तर काय विचारतोय तेच कळेना. घड्याळात पावणेदहा. ती आली की पेपर तिच्या हातात जाणार, आणि आई म्हणणार, बरं झालं बाई आलीस.

मग माझी बुद्धी फिरली. म्हटलं, यांना दिसतंय कुठे?

"आलं! उभा चार, पिशवी. आणि सात, नऊ, तेरा... झालं की आई, सगळं सुटलं!"

आईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता.

"पिशवी कशी?" त्या म्हणाल्या. "उभ्या चारचं शेवटचं अक्षर लगामच्या 'ल'वर येतं. तूच तर घरं मोजून सांगितलीस मघाशी. तो 'ल' कुठे गेला?"

अख्खी चौकट त्यांनी पेरांवर मांडून ठेवली होती! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अगं, खोटं कशाला?"

"ती पंधरा मिनिटांत करते ना," मी म्हटलं, आणि नको नको म्हणताना रडू फुटलं. "तुम्ही तिच्याशीच हसता."

"हसते. ती आली की बरं वाटतं, ते काही मी नाकारत नाही." त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला. "पण ती सोडवते आणि जाते, मग अख्खा दिवस मी अंधारात बसते. मला कोडं सुटायची कसली घाई आहे? खोड ती पिशवी. वाच परत, पहिल्यापासून."

मी खोडलं, नाक पुसलं, वाचायला लागले. आडव्या दोनवर आमचा वाद चालला होता, तेवढ्यात धाकटी आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिने क्षणात पाहिलं.

"अय्या ताई, उभा चार अडलाय? सोप्पा आहे, प–"

"सांगू नकोस गं!" आई केवढ्यांदा ओरडल्या. "आम्ही अजून तिथे पोचलो नाही."

ती तशीच उभी राहिली, पर्सचा पट्टा धरून. उघडलेलं तोंड तिने हळूच मिटलं. आठ दिवस माझ्या पोटात जे जळत होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. गोड वाटलं हो, खोटं कशाला बोलू? देव बघत होता तरी वाटलं.

मग माझीच मला लाज वाटली. सरकून मी तिला पलंगावर जागा करून दिली.

पेन्सिल मात्र दिली नाही.