हरभऱ्याएवढं ग्रीस

अण्णाजी कधी रूपरावशी आवाज चढवून बोलले असतील तर शपथ! चहा आला की पहिला कप रूपरावला. दिवाळीला त्याच्या नलूला फ्रॉक, बायकोला, कांताला, लुगडं. कापसाच्या जिनिंगच्या हजेरीबुकात त्याचं नाव तेवढं कधी चढलं नाही. विचारलं की अण्णाजी मालक हसायचे. "बाप्पा, तू तं घरचा माणूस. घरच्या माणसाची कोणी हजेरी लावते का?"

घरचा म्हणे! या एका शब्दानं सोळा वर्षं खाल्ली त्याची. त्रेसष्ट साली तो समुद्रपूरच्या या जिनिंगमध्ये सीझनपुरता मजूर म्हणून आला होता. दिवाळीनंतर कामाला लागायचं, उन्हाळ्यात कापूस संपला की गावाकडे जायचं, एवढंच बोलणं झालं होतं. पण कोपऱ्यात लोखंड कातायची एक बंद पडलेली लेथ होती. ती यानं हौसेनं चालू करून दाखवली आणि तिथंच फसला बिचारा. अण्णाजींनी आवारातच खोली दिली. तेव्हापासून सीझन असो नसो, रूपराव आणि लेथ.

आता मात्र छाती बोलायला लागली होती. शेडमध्ये रुई आणि सरकी वेगळी करणारे बारा रेचे दिवसभर खडखडायचे आणि कापसाची भुकटी हवेत तरंगत राहायची. जिना चढला की रूपरावला दम लागायचा, आडवा झाला की खोकला. वर्ध्याच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, कापसाजवळून हटा, नाहीतर ही छाती पाच वर्षं पुरायची नाही. तशात देवच पावला. नागपूरच्या एका कारखान्यातून लेथच्या कामासाठी बोलावणं आलं. एकतीस मार्चच्या आत हजर व्हायचं, सोबत अनुभवाचा दाखला आणायचा. आता ज्याचं नाव कुठल्याच बुकात नाही, त्याचा अनुभव लिहून देणार कोण? एक अण्णाजीच.

अण्णाजी नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत, हीच तर पंचाईत होती.

"देतो ना दाखला. काऊन नाई देणार? पण जाता जाता माह्यं एक काम करून दे," ते म्हणाले. "रेच्याचे पाते धार लावाले नागपूरले जातात, आठ दिवस रेचा उभा राहते. तू लेथवर बारका दगड बसवून धार लावतो म्हणत होता ना? ते करून दे. ते चाललं का दुसऱ्या मिनिटाले दाखला."

सोपं वाटतं ऐकायला. बारका दगड धार लावतो, पण कधी? मिनिटाला दहा हजार फेरे घेतले तर. आपल्या लेथचा जीव हजार-बाराशेचा. म्हणजे दगड वेगानं फिरवणारं, लेथवर बसवायचं एक वेगळं स्पिंडल हवं, आणि ते बाजारातून आणायला अण्णाजी काही तयार नव्हते.

रूपरावनं ते घरी केलं. मोडक्या ट्रकचा अॅक्सल मिळवला, लेथवर दोन टोकांना धरून, कातून त्याचा दांडा केला. दांडा आत फिरेल अशी जाड पाइपाची नळी आतून कातून काढली. दांड्यावर जिथे बेअरिंग बसतं तिथे केसभरही चूक चालत नाही. तो लोखंडाचा एक पापुद्रा उतरवायचा, बिडी ओढण्याइतका वेळ लोखंड थंड होऊ द्यायचा, मग मापायचा. मोटरला मोठी पुली लावली, स्पिंडलला छोटी, आणि मधला पट्टा कांतानं कॅनव्हासचा शिवून दिला. सीझनचं काम सांभाळून दीड महिना गेला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाज असा सुरेख आला, की रेच्याजवळून प्रेमदास पळत आला. प्रेमदास हा जिनिंगचा फिटर, तळेगावचा, सीझनला येणारा. डोळे बांधून रेचा खोलेल असा माणूस. दोघं पोरांसारखे हसले. पंधराव्या मिनिटाला नळीतून धूर निघाला आणि स्पिंडल जाम.

दुसरं बेअरिंग घातलं, तेही जळालं. तिसऱ्या वेळी वीस मिनिटं टिकलं. रूपरावनं दांडा तपासला, नळी तपासली, पट्टा सैल केला, घट्ट केला, सगळं करून पाहिलं. मार्चचा दुसरा आठवडा लागला आणि त्याची झोप उडाली. कांतानं ट्रंक भरून ठेवली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला.

उलगडा झाला तो रागातून. नवीन बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं आणि ग्रीसचा डबा बघतो तर प्रेमदास रेच्याकडे घेऊन गेलेला. वाट कोण पाहणार? बोटाला जे ग्रीस चिकटलं होतं तेवढंच बेअरिंगला पुसून त्यानं ते बसवलं आणि चालू केलं, जळायचं तर जळ मेल्या म्हणून. अर्धा तास झाला, तास झाला. हात लावला तर नळी थंड!

हात्तिच्या! दुखणं ग्रीसचंच होतं. रेचा सावकाश फिरतो, त्याच्या बेअरिंगला ग्रीस ठासून भरावं लागतं. पाहुण्याला तूप वाढावं तसं, नको म्हणेपर्यंत. जिनिंगच्या प्रत्येक माणसाच्या हाताला तीच सवय, आणि ती लावणारा रूपराव स्वतः. दहा हजार फेऱ्यांत तेवढं ग्रीस घुसळलं की आगच लागायची. तिथे हवं हरभऱ्याएवढं.

बावीस मार्चला अण्णाजींसमोर चार पात्यांना धार लागली. अण्णाजींनी पेढे मागवले.

"दाखला, अण्णाजी," रूपराव म्हणाला.

"अरे, लिहितोच. पण तू गेल्यावर हे चालवणार कोण? प्रेमदासले शिकव. त्याले आलं का तू मोकळा."

ही आणखी एक अट! पण प्रेमदाससारखा हुशार माणूस, दोन दिवसांचं काम! त्यानं हरभऱ्याचा दाणा हातात ठेवून दाखवला, एवढं ग्रीस, याहून जास्त नाही. प्रेमदासनं मान हलवली आणि बेअरिंग ठासून भरलं. जळालं. पुन्हा सांगितलं, पुन्हा भरलं, पुन्हा जळालं. अठ्ठावीस तारखेपर्यंत हेच.

"डोस्कं ठिकाणावर आहे का तुह्यं?" रूपराव ओरडला आणि खोकत खाली बसला. "आता एकच जोडी उरली. मले परवा नागपूरले हजर व्हाचं हाय, आणि तू थट्टा करून राह्यला!"

जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. प्रेमदासनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"मले पहिल्याच दिवशी समजलं, भाऊ," तो हळूच म्हणाला.

"मंग काऊन जाळतं?"

"ज्याले येते त्याले अण्णाजी सोडत नाईत. तुम्हाले सोडलं का? मी सीझनचा माणूस. कापूस संपला का तळेगावले जातो, घरवाली भागीरथा आहे, पोरं आहेत, चार महिने छाती साफ होते. हे शिकलो का मी बी घरचा. आणि उद्या तोंडावर नाई म्हटलं तं पुढच्या सीझनले काम देणार नाईत."

रूपरावला त्याचा राग आला, भयंकर आला. मग राग आला तो याचा, की त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाणी पिऊन तो उठला आणि खोलीवर गेला. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

एकोणतीसला सकाळीच अण्णाजी शेडमध्ये आले. "काय मंग, प्रेमदास तयार झाला का?"

प्रेमदास समोरच उभा होता. नाही म्हटलं की प्रेमदास सुटतो, आणि आपण इथेच खोकून मरतो. रूपरावनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "झाला."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"दाखव बरं," अण्णाजी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

प्रेमदासनं उरलेल्या जोडीतलं पहिलं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं. ग्रीसचा डबा उघडला आणि दोन बोटं आत घातली, चांगली खोल. आता हा भरणार, रूपरावला कळलं. भरू दे, आपण तरी कोणत्या तोंडानं अडवायचं? तेवढ्यात शेजारचा रेचा सुरू झाला, भुकटीचा लोट आला आणि रूपरावला उबळ आली. थांबेचना. लेथ धरून तो वाकला, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना.

प्रेमदास बोटं डब्यात तशीच ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोटं डब्याच्या काठावर पुसली. नीट, दोनदा पुसली. आणि नखाच्या टोकावर हरभऱ्याएवढं ग्रीस घेतलं.

स्पिंडल तासभर चाललं. अण्णाजींनी नळीवर हात ठेवला आणि खूश झाले. तिथल्या तिथे दाखला लिहिला, शिक्का मारला. प्रेमदासच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता कशाले तळेगावले जातं लेका? रूपरावची खोली खालीच होऊन राह्यली. बायको-पोरं घेऊन ये." आणि ते ऑफिसकडे गेले.

रूपरावच्या हातात कागद होता. सुटलो, सुटलो, असं आत काहीतरी नाचत होतं आणि त्याची त्याला मरणाची लाज वाटत होती. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

प्रेमदास हात पुसत होता. "बस जाईन भाऊ तुमची," तो म्हणाला. मग खाली बघूनच त्यानं विचारलं, "खोली गळते का हो पावसाळ्यात?"

"गळते," रूपराव म्हणाला. "चुलीकडच्या बाजूनं नाई गळत. पोराईले तिकडे झोपवजो."