अविभाज्य जावई

"लवू, हो आकडो फुटलो, तर भर बाजारात उभो ऱ्हवान निलेशाक जावय करतंय म्हणान देवाक गाऱ्हाणा घालतंय!" शेजारचे जयरामभाऊ कुंपणावरून गरजले.

"आणि नाय फुटलो, तर मी अर्धी मिशी काढून गावभर फिरतंय," मी म्हटलं. पैज लागली.

भाऊ ओरोसच्या कचेरीतनं निवृत्त झाले, तेव्हापासून पत्रिकेऐवजी आकडे बघतात. जन्मतारीख सलग लिहायची, आठ आकडी संख्या करायची आणि तिला कशाकशाने भाग जातो ते काढायचं, म्हणजे आकडा फोडायचा. दोनाने गेला तर माणूस जोडीत रमतो. पाचाने गेला तर हात सढळ. माझ्या आकड्याला तेराने जातो म्हणे, म्हणून मी असा. आणि कशानेच भाग गेला नाही, तर माणूस आपमतलबी. वाडीतली अर्धी लग्नं भाऊंनी अशीच जुळवली, बाकीची मोडली.

आता त्यांच्या लेकीला, अवनीला, निलेश आवडलेला. तो पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवतो. जन्म वीस मार्च, दोन हजार तीन. म्हणजे २००३२००३.

"कोणाकच भाग देणा नाय! असलो माणूस माझ्या चेडवाक सुरमयेचो तुकडो तरी देतलो?"

"काका, बाबा उद्या तेका नाय म्हणान कळवतले," अवनी रडवेली होऊन मला म्हणाली.

भाऊंनी तीन दिवस खपून, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, दोनापासून एकाहत्तरापर्यंत भाग देऊन बघितला होता. कशानेच जाईना. "एकाहत्तरापुढे माणसाचा तरी काय उरता?" म्हणून त्यांनी शेरा मारला आणि फाईल बंद. कचेरीची सवय, दुसरं काय!

मी मात्र आकडा बघितल्याबरोबरच गालात हसलो होतो.

निवाड्याला वेरोनिका टीचरकडे गेलो. तीस वर्षं गणित शिकवलंय तिने. कागद तिने हातातसुद्धा घेतला नाही.

"भाऊ, नुसतो बघा. दोन हजार तीन, परत दोन हजार तीन. तोच आकडो दोनदा लिवलेलो आसा. दोन हजार तीनाने भाग द्या."

भाऊंनी दिला. उत्तर १०००१, बाकी शून्य. त्यांनी चष्मा पुसला आणि परत भाग दिला. बाकी शून्यच.

"आणि ह्या दहा हजार एकाचे त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस," टीचर म्हणाली.

"त्र्याहत्तर?" भाऊ एकाहत्तरापासून बोटांवर मोजायला लागले.

"एकाहत्तराक थांबलात," मी म्हटलं. "आणखी दोन पानां, आणि जावय घरात!"

रविवारी सकाळी म्हावऱ्याच्या बाजारात भाऊ हात जोडून उभे राहिले. मी वाडी गोळा केलीच होती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मासेवाल्या कोयते थांबवून ओरडल्या.

"माझ्या हातसून दोन भागाकार ऱ्हवले..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या झिलाक त्र्याहत्तराने भाग जाता, एकशे सदतीसाने जाता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका मी..." पुढचं भाऊ तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"आयकाक नाय इला!" मी मागनं.

"तेका मी जावय करून घेतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाजार दणाणला. अवनीने निलेशला पुढे ढकललं. तो पाया पडायला वाकला. भाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि हळूच विचारलं,

"झिला, तुझ्या आयशीची जन्मतारीख काय रे?"