उधन्याच्या भिंतीला लावलेला सूर

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे, आणि गेल्या आषाढात एका यंत्राने मला बेसूर ठरवले. माझ्या पोटावर एक लांब चीर आहे, ती सरसाने बुजवली आहे. एक खुंटी माझी नाही, माझ्या मालकाने, पंडितने, ती चिंचेच्या लाकडातून कोरून बसवली. इतके असूनही बेसूर मला कोणी म्हटले नव्हते.

माझा जन्म कोलकात्याच्या एका गल्लीतला. तिथून सुरतेत आले ते गरब्याच्या वाद्यवृंदात. तिथे नऊ दिवस डोक्यावर घ्यायचे आणि उरलेले वर्ष पेटीत कोंबून ठेवायचे. शेवटी चौक बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या ढिगात माझी रवानगी झाली. शेजारी एक इस्त्री होती, दुसऱ्या बाजूला पाट्याविना वरवंटा. तिथे पंडितने मला उचलले. मनगटावरचे घड्याळ उतरवून त्याने दुकानदाराच्या हाती दिले आणि मला काखेत मारून तो चालत उधन्याला, सुरतेच्या गिरणभागात, निघाला.

पंडित शिंदखेड्याकडचा. उधन्यात यंत्रमागावर साड्या विणायचा. मागांच्या शेडला तिथे सगळे खाते म्हणतात. खाते आणि पंडितची खोली यांत एकच भिंत होती. भिंतीपलीकडे माग रात्रंदिवस चालायचे. त्यांची खडखड तर होतीच, पण तिच्या तळाशी मोटारींचा एक अखंड घुंकार असायचा. पाळी संपली की पंडित हातपाय धुवायचा, भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि मला हनुवटीखाली धरायचा. गुरू नव्हता, पुस्तक नव्हते. पुस्तक असते तरी उपयोग नव्हता, कारण अक्षरओळख त्याला झाली ती चाळिशीत, मुलगी हर्षदा शाळेत जाऊ लागली तेव्हा, तिच्याच पाटीवर.

त्याच गल्लीत त्याची थोरली बहीण पुष्पाबाई राहायची. तिच्या खोलीमागेही तीच भिंत. साड्यांना टिकल्या लावता लावता ती गायची, आणि श्रावणात कानबाई बसली की सारी गल्ली तिच्यामागे गायची. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी माणसांची देवी. पुष्पाबाईने सूर लावावा आणि मी तो उचलावा, असे आमचे तीस श्रावण गेले. लोक म्हणायचे, "पंडितभाऊ, तुमनं व्हायोलिन तं बोलस!" मी लाकूड असूनही फुगायचे.

पण मागांनी पंडितचे कान हळूहळू खाल्ले. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग माणसांचे हळू बोलणे. एका लग्नात त्याच्या वाजवण्याला कोणीतरी हसले. तो घरी आला, मला पेटीत ठेवले आणि गजाचे केस सैल करायलाही विसरला. नंतर हर्षदाबरोबर तो सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या घरात राहायला गेला. तिथे मला खिळ्यावर टांगले.

हर्षदाची बोटे माझ्यावरच तयार झाली होती, पण तिने धंदा वेगळा धरला. ती गाण्यांसाठी तारवाद्यांची रचना करते. म्हणजे कोणी धुळ्याहून, कोणी बडोद्याहून नुसते गाणे पाठवतो, आणि त्यामागे व्हायोलिने काय वाजवतील, चेलो कुठे घुमेल, कुठे सगळ्यांनी गप्प बसायचे, ते ही ठरवते. स्वरलिपी इंटरनेटवर लिहिते, तारांचे आवाज तिथूनच घेते. एक कळ दाबली की सोळा व्हायोलिने वाजायची! एकालाही फडक्याने पुसावे लागत नाही. खरे सांगते, मी खिळ्यावर जळायचे. पण तिने चेलोखाली हळूच एखादी ओळ सरकवली की मला वाटायचे, पोर आपलीच आहे.

गेल्या आषाढात पुष्पाबाईच्या गळ्यात गाठ निघाली. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरले. डॉक्टर म्हणाले, "जिवाला भीती नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही."

पुष्पाबाई कोसाडला येऊन म्हणाली, "पोरी, मनं कानबाईनं गाणं भरी ले. सोमवारनंतर मी बोलसू का कावळा बोली, कोनले माहीत!"

"फुई, असं नको बोलू," हर्षदा म्हणाली. आत्याला ती फुईच म्हणते. मंगळवारी ती उधन्याला गेली आणि देव्हाऱ्यापुढे बसवून तिने फुईचे गाणे लॅपटॉपवर भरून आणले. मागून खात्याचा घुंकार आला होता, तो एका ऑनलाइन साधनाने पुसला. मग दुसऱ्या साधनाने आवाजाचे सूर सरळ केले. खाली सोळा व्हायोलिने घातली. गुरुवारी फुईला बोलावून ऐकवले.

पुष्पाबाईने डोळे मिटून ऐकले. मग डोळे उघडले.

"चांगली गास. कोन बाई शे हाई?"

"फुई, तूच आहेस!"

"मी? हाऊ मना आवाज नही, माय. हाई तं बँकना फोनमधली बाई बोली राहिनी."

हर्षदाने सूर सरळ करणे काढून टाकले. आता आवाज फुईचा झाला, पण तारांशी भांडू लागला. दोन घरच्या सुना एका चुलीवर उभ्या कराव्यात तसे. मग तिने फुईच्या कानाला हेडफोन लावून, सूर देऊन, कोसाडच्या शांत खोलीत पुन्हा गाऊन घेतले. तीनदा घेतले. तीनदा आवाज पहिल्या ओळीतच घसरला. पुष्पाबाईने हेडफोन उतरवला आणि गळ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. आवाज गाठनी पहिलेच खाई टाका व्हई."

ती गेल्यावर पंडित उठला आणि त्याने मला खिळ्यावरून काढले. कित्येक वर्षांनी त्याची हनुवटी माझ्यावर टेकली. त्याला कानाने फारसे ऐकू येत नसे, पण माझे लाकूड जबड्याला लागले की हाडातून ऐकू येई. त्याने खुंट्या पिळल्या, तारा लावल्या आणि म्हणाला, "जिजीच्या मागे मी वाजवतो." थोरल्या बहिणीला तो जिजीच म्हणतो.

हर्षदाने फोनवर सूर तपासायचे साधन उघडले. काटा लाल, म्हणजे बेसूर. पंडितने पुन्हा लावले, पुन्हा लाल. शुक्रवारी सकाळीही लाल.

"आप्पा, ही हार्मोनियमची पांढरी पाचही नाही आणि काळी चारही नाही. मधेच कुठेतरी आहे."

"बरोबर लागलंय."

"बरोबर नाही! तुमचे कान गेलेत, आप्पा!"

हे मात्र त्याला ऐकू गेले. त्याने मला पेटीत ठेवले, पेटी काखेत मारली, चपला घातल्या आणि उधन्याची रिक्षा धरली. हर्षदा दारात उभी राहिली. मग लॅपटॉप पिशवीत कोंबून, ओढणी तशीच हातात घेऊन, ती मागे धावली.

पुष्पाबाईच्या खोलीत ती पोचली तेव्हा पंडित भिंतीला पाठ टेकून बसला होता. पलीकडे माग चालू होते. त्याने डोके भिंतीला लावले, माझी चिंचेची खुंटी किंचित पिळली आणि जाड तारेवर गज ओढला. पुष्पाबाई कढई घासत होती. कोणी सांगितले नाही, कोणी सूर दिला नाही, तिने कढई घासता घासताच गाणे सुरू केले. आम्ही दोघी असे मिळालो की मधे कागद सरकवायला फट नव्हती.

हर्षदाने फोन बाहेर काढला. काटा लालच होता. तिने तो माझ्यासमोर धरला, मग फुईच्या तोंडासमोर, मग नुसताच भिंतीसमोर. तिन्हीकडे काटा त्याच जागी. पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली, जिथे मोटारींचा घुंकार होता तिथे.

तीस वर्षे पंडितने मला भिंतीवरून लावले होते. तीस वर्षे पुष्पाबाई त्या भिंतीजवळ गात होती. हर्षदाने घुंकार पुसला तेव्हा त्यांचा आधाराचा सा, षड्जच पुसला होता.

ती आप्पांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "चुकले आप्पा. तुम्ही बरोबर आहात. माझी सोळाच्या सोळा बेसूर आहेत."

"मंग त्यास्ना कान पिळ," पुष्पाबाई कढईवरून म्हणाली. "तुना आप्पाना मी लहानपणी भलता पिळेल शेत."

हर्षदा हसता हसता रडली. तिथेच लॅपटॉप उघडून तिने सगळ्या तारा, चेलोसकट, त्या मधल्या जागेवर चढवल्या. तिला एक आकडा बदलावा लागला, एवढेच. मग घुंकारासकट पुष्पाबाईचे गाणे पुन्हा भरले आणि सोळा व्हायोलिनांच्या पुढे मला एकटीला बसवले. रविवारी दुपारी पुष्पाबाईने ते ऐकले. ऐकून झाल्यावर एवढेच म्हणाली, "हाई मी शे." आणि दवाखान्याची पिशवी भरायला उठली.

ऑपरेशन नीट झाले. गळा मात्र घोगराच राहिला. श्रावणात कानबाई बसली तेव्हा गल्लीत तेच गाणे लावले. पहिल्या ओळीला बायका ऐकत राहिल्या, दुसऱ्या ओळीला टिकल्यांचे डबे बाजूला झाले आणि साऱ्या गल्लीने एकदम गाणे उचलले. एकही आवाज वर नाही, एकही खाली नाही. त्यांच्या मधोमध बसलेली पुष्पाबाई नुसते ओठ हलवत होती, आणि तिचा आवाज पन्नास बायकांच्या तोंडून येत होता.

मित्रांनो, मी आता पेटीत नसते. पंडित रोज मला घेतो. तुमच्याही घरात एखादे जुने वाद्य असेल. ते मऊ फडक्याने पुसा, तारांखालची राळ झटका, गज वापरून झाला की सैल करा. पण त्याच्या खुंट्या फिरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कशावरून लावले आहे? विचारायला उशीर करू नका.