बाबल्याची मान

दशरथ परब एका कोंबडीच्या पिल्लावर जळत होता, आणि ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या छापखान्यातून रिटायर झालेला, मानेला कायम पट्टा लावून फिरणारा बाप्या. त्याने एवढ्याशा पिसांच्या गोळ्याचा हेवा करावा? पण करत होता, अगदी मनापासून करत होता.

त्याला कारणही तसंच होतं. शिमग्याला गावी गेलेल्या त्याच्या बायकोने, नलिनीने, येताना टोपलीतून गावठी पिल्लं आणली. जोगेश्वरीच्या त्यांच्या बैठ्या चाळीमागच्या बोळात बाकीची पिल्लं पालापाचोळा उकरत, किडामुंगी टिपत वाढली. एकाला मात्र तिने घरात घेतलं, त्याचं नाव बाबल्या ठेवलं आणि मांडीवर बसवून भरवायला लागली. नवऱ्याला तिने उभ्या जन्मात ‘अहो’पलीकडे हाक मारली नव्हती. दशरथ सकाळी बाजारातून तारली मासळी आणायचा, तर साफ करतानाच कच्च्या तारलीचे मऊ तुकडे बाबल्याच्या पुढ्यात जायचे, वर पांढरा भात. दशरथच्या ताटात उरलंसुरलं यायचं. मानेला मलम चोळून दे म्हटलं, तर तिचे हात पिल्लाच्या पाठीवरून फिरत असायचे. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

एके दिवशी बाबल्या लटपटायला लागला. मग त्याची मान मागे पाठीकडे वळली आणि चोच आढ्याकडे लागली. चालायला गेला की मागच्या मागे कोलांटी खायचा. नजर लागली म्हणून नलिनीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. कुणाची नजर ते दशरथला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याला आतून बरंच वाटलं होतं.

नलिनीची भाची प्रियंका जनावरांची डॉक्टर, गोरेगावात तिचा दवाखाना. रिक्षा करून दोघं बाबल्याला तिच्याकडे घेऊन गेली. राणीखेत ही कोंबड्यांची साथ झाली तरी मान अशीच वळते, म्हणून प्रियंकाने आधी तिचाच तपास केला. श्वासाला घरघर आहे का, शी हिरवी होते का, बाकीची पिल्लं सुस्तावलीत का, कुठे डोकं आपटलं का? यातलं काहीच नव्हतं. लसही गावीच डोळ्यांत घालून झाली होती. मग तिने विचारलं, हा खातो काय? नलिनीने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

“मावशी, नुसत्या पांढऱ्या भातात बी-वन जीवनसत्त्व जवळपास नसतंच,” प्रियंका म्हणाली. “आणि कच्ची तारली असलेलंही संपवून टाकते. बाहेरची पिल्लं बघ, सगळं टिपून खातात, ठणठणीत आहेत. ह्याच्या नसा उपाशी आहेत गं. तुझ्या लाडाने.”

दशरथला खरं तर आनंदाने टाळीच द्यायची होती. पण नलिनीचं तोंड एवढंसं झालं, आणि त्याची टाळी तशीच राहिली.

प्रियंकाने इंजेक्शन दिलं आणि पुढचं समजावलं. कच्ची मासळी बंद. बाकीची टोचतील म्हणून वेगळा खोका, कडेने टॉवेलची गुंडाळी, ऊब. मान हाताने सावरून पिल्लांचं खाद्य भिजवून भरवायचं, पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब, ओतायचं नाही, नाहीतर श्वासनळीत जाईल. औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत.

आणि नेमकं नलिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. धुळीपासून आणि पिसांपासून लांब राहायचं म्हणून दीप्ती, त्यांची मुलगी, तिला मुलुंडला आपल्या घरी घेऊन गेली. निघताना नलिनीने ड्रॉपर नवऱ्याच्या हातात ठेवला. पिल्लू सोपवायला तिला दुसरं कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

रोज तिचा फोन यायचा. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, कसा आहे? दशरथ म्हणाला, बरा आहे, मान जरा धरलीय. “तुमचा नाय विचारलंय,” ती म्हणाली, “त्येचा विचारतंय.”

दशरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुपारी त्याने ड्रॉपर उचललाच नाही. एखादी वेळ चुकली तर कोण विचारणार होतं? आधीच अर्धमेलं पिल्लू, नाही जगलं म्हणून सांगता आलं असतं. तो पंखा लावून आडवा झाला. खोक्यात धडपड ऐकू येत होती. शेवटी वैतागून उठला आणि डोकावला. बाबल्या पालथा पडला होता आणि मान सरळ करायला झगडत होता. थोडी सरळ व्हायची, पुन्हा मागे जायची. मग तो दमून डोळे मिटायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सकाळी अंथरुणातून उठताना दशरथ रोज हेच करायचा, आणि तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नसायचं.

त्याने पिल्लू तळहातावर घेतलं, बोटाने मान सावरली आणि थेंब सोडले.

मग मात्र त्याने एकही वेळ चुकवली नाही. मान हळूहळू पुढे आली, पाय ठरले. बरा झाल्यावरही बाबल्या खोक्यात राहीना. दशरथ मोरीपर्यंत गेला तरी मागे मागे यायचा.

नलिनी काळा चष्मा लावून परत आली. दारातूनच तिने हाक मारली. बाबल्याने ताठ मानेने तिच्याकडे पाहिलं आणि दशरथच्या पायाशी जाऊन उभा राहिला. दशरथला हसू आवरेना. आता कळेल हिला, असंच त्याच्या मनात आलं.

नलिनी खाटेवर टेकली. हातानं भरवलात? तिने विचारलं. हो म्हणाला. औषध वेळेवर? हो.

“मी चिकनगुनियान पडलेलंय,” ती म्हणाली, “बोटां वळत नव्हती माझी. तेवा कोणी भरवल्यान माका?”

तेव्हा शेजारणी डबे आणून ठेवायच्या आणि दशरथ त्यातलं आपलं जेवून टीव्हीपुढे बसायचा. ते त्याला आत्ता आठवलं. चष्म्याआडून ती त्या पिल्लाकडे कशी बघत होती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. इतके दिवस तो स्वतः तसाच बघत आला होता.

चहा टाकते म्हणून ती उठायला लागली.

“तू बस,” दशरथ म्हणाला आणि ओट्याशी गेला. बाबल्या त्याच्या मागोमाग. आधण ठेवलं, आणि मग साखरेचा डबा कुठे असतो ते त्याला तिला विचारावं लागलं.