रेघेखालचा बॉयलर

ऑफिसात तिला सगळे यादीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. राज्याच्या विधिमंडळात भांडवली खर्चाची एक समिती होती आणि त्या समितीची यादी हिच्या टेबलावर तयार व्हायची. पगार, औषधं, गाड्यांचं पेट्रोल असला रोजचा खर्च खालच्या मजल्यावर बघत. हिच्याकडे यायचं ते एकदा बांधलं की तीस-चाळीस वर्षं उभं राहणारं: पूल, वसतिगृहं, तुरुंगाच्या भिंती, इस्पितळांची छपरं. त्यासाठी राज्य कर्ज काढायचं, आणि कर्ज किती काढायचं याला कायद्याचं बंधन होतं. दर दोन वर्षांनी खात्यांकडून दोनशेच्या वर मागण्या येत. त्यातल्या साठ-सत्तर बसत. ती सगळ्या वाचायची, गुण द्यायची, क्रम लावायची आणि पैसे जिथे संपतील तिथे पट्टी ठेवून एक रेघ मारायची. रेघेवरचं बांधलं जायचं. रेघेखालचं दोन वर्षं थांबायचं.

ती रेघ कुठे येणार हे सगळ्यांनाच आधी कळायला हवं असायचं. आमदारांचे फोन यायचे. "बाई, आमच्या पुलाचं जरा बघा." ती म्हणायची, "बघतेय साहेब, सगळ्यांचंच बघतेय." बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, आणि ते कधी कुणी दाखवू नये म्हणून ती आपलं नाव तळहाताच्या फोडासारखं जपायची.

तिचा थोरला भाऊही सरकारी नोकरीतच, पण पार दुसऱ्या टोकाला. राजधानीपासून चार तासांवर, एका लहान गावाच्या बाहेर, दीडशे रुग्णांचं एक मनोरुग्णालय होतं. तिथल्या बॉयलरचा तो मेकॅनिक. खोल्यांची ऊब, अंघोळीचं पाणी, स्वयंपाकघरातली वाफ, धोबीखान्यातली इस्त्री, सगळं त्या एका बॉयलरवर चालायचं. बॉयलर दादापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. ज्या कंपनीने तो बनवला ती कधीच बंद पडली होती. सुटा भाग मिळत नसला की दादा तो स्वतः लेथवर बनवायचा. आतल्या नळ्या एकेक करून गळायला लागल्या तशी त्याने त्यांना दोन्ही तोंडांनी बुचं मारली होती. शंभरातल्या एकतीस नळ्या अशा बंद. दर वर्षी तपासनीस यायचा, मान हलवायचा, दाब थोडा कमी करायला सांगून सही करायचा.

हे तिला सगळं ठाऊक होतं. दादा फोनवर दुसरं बोलायचाच नाही. "ठमे, आज बत्तिसावी गळायला लागली बघ," असं तो नातवाला दात आल्यासारखं सांगायचा. वहिनी मागून ओरडायची, "माझ्या गुडघ्याचं सांगा त्यांना! त्या बॉयलरला सासर नाही की माहेर नाही!"

ऑफिसात मात्र तिचा भाऊ तिथे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललं होतं, कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

त्या वर्षी आरोग्य खात्याच्या मागण्यांत नव्या बॉयलरची मागणी होती. पान एकशे अठ्ठेचाळीस. अर्ध्या पानात लिहिलेलं, रुक्ष. तिने गुण देताना दोनदा मोजले, वर गेले की काय या भीतीने एकदा कमी केले, मग पुन्हा होते तसे केले. बॉयलर एकसष्टावा आला. रेघ साधारण तिथेच कुठेतरी पडणार होती.

यादी पक्की होण्याआधी समिती बसमधून दौरा करायची. अध्यक्ष एके काळी गुरांचे डॉक्टर होते. बस कुठेही थांबली की ते आधी खाली उतरून इमारतीला म्हशीला थोपटावं तसं थोपटायचे. मनोरुग्णालयात समिती दुपारी पोचली. तिने दादाला आदल्या आठवड्यात फोन करून एवढंच सांगितलं होतं, "मी असेन. पण ओळख दाखवू नकोस हं."

"का गं? लाज वाटते?"

"लाज नाही रे. बरं दिसत नाही."

"बरं," दादा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "बरं."

बॉयलरघरात शिरताच समितीतली सगळी माणसं दारातच थबकली. फरशी आरशासारखी. पाइपांना नवा रंग: वाफेचे लाल, पाण्याचे निळे. पितळी व्हॉल्व्ह घासून लखलखीत केलेले. दादाने इस्त्रीचा गणवेश घातला होता. वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याजवळ स्टुलावर एक म्हातारा रुग्ण बसला होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. तेवीस वर्षं तो रोज येऊन काटा वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. अधीक्षकांनी तेवढ्यासाठी त्याला परवानगी दिलेली. मास्तरने उठून सगळ्यांना नमस्कार केला आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

"वा!" अध्यक्ष बॉयलरकडे बघत म्हणाले. "अहो, हा म्हातारा कुठाय? हा तर नवरदेव दिसतोय!"

सगळे हसले. दादाही हसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खूश झाला की त्या लहानपणापासून तशा व्हायच्या.

"किती वर्षं चालेल अजून?" अध्यक्षांनी बॉयलर थोपटत विचारलं.

"मी आहे तोवर चालेल, साहेब."

"मग तुम्हालाच निवृत्त होऊ द्यायला नको!"

पुन्हा हशा. दादाची निवृत्ती दीड वर्षावर होती. तिला ते माहीत होतं. बुचं मारलेल्या नळ्यांचं तिला माहीत होतं. ती पाठीमागे हातात फाईल धरून उभी राहिली आणि लाल पाइपाकडे बघत राहिली. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, अगदी परक्या बाईकडे बघावं तसं, सांगितल्याप्रमाणे.

शेवटची बैठक दोन आठवड्यांनी झाली. समितीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे जग, सगळ्यांचे कोट खुर्च्यांच्या पाठींवर. साठ कामांवर फार वाद झाला नाही. एकाच कामापुरते पैसे उरले होते आणि कामं दोन होती: हा बॉयलर, आणि शेतकी महाविद्यालयाचं सभागृह. सभागृह ज्यांच्या मतदारसंघात होतं ते आमदार समितीतच बसलेले. ते म्हणाले, "सभागृहाचं उद्घाटन करता येतं हो. बॉयलरसमोर फीत कोण कापणार?"

हे त्यांनी गमतीत म्हटलं, पण ते सगळ्यांना पटलं हेही खरं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मी बघितला तो बॉयलर. ठणठणीत वाटला. पण माझी विद्या गुरांची." ते तिच्याकडे वळले. "बाई, तुम्ही सगळे कागद वाचलेत. तुमचं मत काय?"

असं ते तिला क्वचित विचारायचे. तिच्या मनात एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. शाखाप्रमुखाची जागा महिनाभरात रिकामी होणार होती आणि तिचं नाव चर्चेत होतं. बॉयलर घ्या म्हटलं आणि उद्या कुणी शोधून काढलं की तो हिच्या भावाचा, तर? बावीस वर्षं गेली पाण्यात. खरं तर तिने एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, तिथे माझा भाऊ आहे, मला विचारू नका, इंजिनिअरला पाठवा आणि तो उघडून बघा. हे वाक्य तिला तेव्हा सुचलंच नाही. नंतर मात्र ते तिला रोज सुचायचं, भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, डेंटिस्टच्या खुर्चीत.

तेव्हा ती म्हणाली, "चालतोय अजून, सर."

तीन शब्द. अध्यक्षांनी मान डोलावली, चष्मा घातला, आणि तिने पट्टी ठेवून साठाव्या नावाखाली सभागृह लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. विधिमंडळात यादीवर मतदान झालं, कायदा झाला. महिन्याभराने ती शाखाप्रमुख झाली. दादाने पेढे पाठवावेत तसा फोन केला, म्हणजे खूप आनंदाने आणि खूप वेळ. बॉयलरचा विषय त्याने काढला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी बघा हं आमचं." बघा म्हणाला, बघ नाही. तिला वाटलं, सवयीने म्हणाला असेल.

बॉयलर पुढच्या वेळेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, दादाच्या निवृत्तीला सात आठवडे उरले असताना, सकाळी दहाच्या सुमाराला आतल्या आठ नळ्या एकदम गेल्या. दादा तिथेच होता. त्याने आग बंद केली, वाफ सोडली, मास्तरला दंडाला धरून बाहेर काढलं. कुणाला खरचटलंही नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

पण इमारत दुपारपर्यंत गार पडली. बाहेर पाणी गोठत होतं. दोन दिवस ब्लँकेटं आणि विजेच्या शेगड्यांवर काढले, मग वायरिंग जळायला लागलं. तिसऱ्या दिवशी बसेस आल्या. दीडशे माणसं तीन शहरांतल्या तीन इस्पितळांत वाटली गेली. कोण कुठे जाणार हे मोकळ्या खाटा बघून ठरलं. वीस-वीस वर्षं शेजारी झोपणारी माणसं वेगवेगळ्या बसमध्ये बसली. मास्तर वही घेऊन बसला होता. बस सुटेपर्यंत तो खिडकीतून विचारत होता की आजचा आकडा कोण लिहिणार.

पुढच्या फेरीला तिने ठरवलं होतं, काहीही होवो, बॉयलर वर न्यायचा. मागण्यांचा गठ्ठा आल्या आल्या तिने आरोग्य खात्याचं पान शोधलं. बॉयलर नव्हता. तिने खात्यात फोन लावला.

"ती मागणी आम्ही काढून घेतली, मॅडम," तिकडचा अधिकारी म्हणाला. "इमारत रिकामी आहे ना. रिकाम्या इमारतीला बॉयलर कशाला?"

"पण बॉयलर नाही म्हणूनच ती रिकामी आहे!"

"हो, तेही आहेच," तो सहानुभूतीने म्हणाला. "पण आता कर्मचारीही इकडेतिकडे गेले. सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात इकडे वरचे लोक."

तिने फोन ठेवला. बराच वेळ ती एकशे अठ्ठेचाळीसावं पान उघडून बसली होती. त्यावर आता कुठल्याशा वाहनतळाची मागणी होती.

त्या वसंतात एका शनिवारी ती दादाकडे गेली. त्याला निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. मागच्या अंगणात तो सायकलचं चाक उलटं धरून तारा आवळत बसला होता. गावात आता सायकली दुरुस्त करतो, म्हणाला. महिन्यातून एकदा तो बसने मास्तरला भेटायला जायचा, साडेपाच तास जाऊन-येऊन.

"कसे आहेत?" तिने विचारलं.

"बसतात. मी गेलो की बघतात माझ्याकडे." त्याने चाक फिरवून पाहिलं. "वही सुटली. तिथे काटा नाही ना कुठला. मी एक घड्याळ नेऊन दिलं. नाही जमलं."

ती पायरीवर बसली. गाडीत चार तास घोकलेलं सगळं विसरली आणि जे तोंडाला आलं ते बोलली. "दादा, तेव्हा मला विचारलं होतं. अध्यक्षांनी. बॉयलर की सभागृह, असं सरळ विचारलं होतं. मी म्हणाले, चालतोय अजून."

दादाचा हात थांबला. चाक आपोआप थोडं फिरून थांबलं.

"तू म्हणालीस?"

"मी म्हणाले."

त्याने चाक मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाला, "मला वाटायचं मीच. तो रंग. अधीक्षक म्हणाले पाहुणे येताहेत, जरा चकाचक करा, आणि मलाही हौस. चार रविवार घासत होतो. नंतर वाटायचं, एक तरी नळी गळती ठेवायला हवी होती. फरशीवर पाणी दिसलं असतं तर... हिलाही बोललो नाही कधी. एवढे दिवस मी तेच धरून बसलोय."

"तुझी काय चूक रे त्यात? तू तुझं काम केलंस."

"हो. आणि तू?"

त्याने आवाज चढवला नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं त्यांची आई म्हणायची. त्या घटकेला कोण दात आणि कोण ओठ हे तिला कळेना.

"एक फोन करायचास," दादा म्हणाला. "दादा, ओळख दाखवू नकोस, एवढं सांगायला केलास ना? तसाच अजून एक. म्हणायचंस, दादा, उघडून दाखव त्यांना. मी दाखवला असता गं. मला काय, मी तर त्याचं पोट कुणालाही दाखवलं असतं. कुणी विचारलंच नाही."

"घाबरले मी."

"कशाला?"

तिने शाखाप्रमुखाच्या जागेचं सांगितलं. सांगताना ती जागा फार लहान वाटली.

दादाने मान हलवली, तपासनीस हलवायचा तशी. मग पाना खाली ठेवला, हात पुसले आणि आत गेला. वहिनी चहा घेऊन बाहेर आली. "वन्सं, काय झालं? हे आत जाऊन नुसते पलंगावर बसलेत."

"काही नाही, वहिनी. जुनं बोलत होतो."

चहा झाला. दादा बाहेर आला नाही. ती निघाली तेव्हा मात्र फाटकापर्यंत आला, गाडीच्या मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, "कमी आहे. रस्त्यात भरून घे. पोचलीस की कळव."

पंपावर थांबून तिने हवा भरून घेतली. घरी पोचल्यावर चप्पलही न काढता फोन लावला. वहिनीने उचलला.

"पोचले म्हणून सांग त्याला," ती म्हणाली. "दे ना जरा."

पलीकडे थोडी कुजबूज झाली.

"झोपलेत ते," वहिनी म्हणाली.

खिडकीबाहेर अजून चांगलं ऊन होतं.